पाच तासांवरचं जेद्दा

बांगडीवाल्या चाचीच्या हिशेबी मुंबई लांब होती आणि जेद्दा जवळ. अहमदपूरहून एसटीनं मुंबई गाठायची म्हणजे अख्खी रात्र जाऊन वर अंग मोडायचं. मुंबईहून जेद्दा विमानानं पाच तास. "मंग जवळ कोन, तूच सांग!" माझा हात दाबून बांगडी चढवताना ती विचारायची. आता यावर कपाळ सांगणार मी!

हे पाच तास तिला रशीदनं दिले होते. एकुलता एक लेक, तिकडं सौदीत मजुरीला गेलेला. चाचीला वाचता येत नव्हतं, म्हणून तो बोलणं टेप करून कॅसेट पाठवायचा. "अम्मी, मुंबईत बसलो ते पाच तासांत उतरलो बघ," हे वाक्य आलं की चाची कॅसेट मागं घ्यायला लावायची. गल्लीतल्या पोरासोरांनासुद्धा ते पाठ झालं होतं.

चाची जिभेनं मात्र लई तिखट. उस्मानाबादेतून निघून आमचा लातूर जिल्हा नवाच झाला होता. पेढे वाटून झाले, पाऊस काही आला नाही. टँकरपुढं घागर धरून ती म्हणायची, "कचेरी जवळ आली बाई, पानी कवा येतंय?" रांगेतल्या बायका हसायच्या. मग स्वतःशीच पुटपुटायची, "काय बी होऊ दे. रशीद पाच तासावर हाय."

त्याच उन्हाळ्यात एका पहाटे चाचा गेले. त्यांच्यात माती लवकर देतात, ताटकळत ठेवत नाहीत. पण चाची दारात आडवी बसली. "तार केली न? मंग थांबा. पाच तासाचं तर हाय. बापाला माती लेकच देईल."

रशीदचा पासपोर्ट तिकडच्या मालकाच्या ताब्यात होता. मालक सोडेल तेव्हाच विमान, हे चाचीला कोण सांगणार? दुपार कलली. ऊन असं, की आत थांबवत नव्हतं. शेवटी मौलवीसाहेबांनी हात जोडले, "चाची, अब नक्को."

ती बाजूला सरकली. रडलीसुद्धा नाही. जनाजा निघाला तेव्हा सगळे तिकडं बघत होते, ही एकटी एसटी स्टँडच्या रस्त्याकडं. त्या विमानावर, त्या मालकावर मी मनातल्या मनात इतकी आग पाखडली! काय उपयोग?

रशीद आला तोवर दिवाळी होऊन गेली होती. आईच्या पायावर पडून त्यानं हंबरडा फोडला. चाची त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "विमानाला किती येळ लागला रं?"

"पाच तास, अम्मी."

"हाव, तेवढाच लागतो." ती पुढं म्हणाली, "माझ्या टायमाला निघू नको बाबा. मी कुनाला थांबा म्हननार न्हाई."

रशीद परत गेला. पुढच्या उन्हाळ्यात चाची गेली. तार मीच केली. पण माती थांबवा म्हणायला दारात कुणी बसलं नाही.