पहिल्या तव्याची भाकरी

मल्लव्वा मूळची मैंदर्गीची. तिची भाकरी पापडागत पातळ आणि चंद्रागत गोल, असं तिची सासू म्हणायची, आणि ती सासू काही कुणाचं कौतुक करणाऱ्यातली नव्हती. नवरा गेल्यावर मल्लव्वा सोलापुरात आली, चिंचोळी एमआयडीसीत बापूसाहेबांच्या कारखान्यात भाकरी थापायला लागली आणि बघता बघता भाकरीच्या सगळ्या बायकांची प्रमुख झाली. लहानथोर सगळे तिला अक्का म्हणतात. बापूसाहेबसुद्धा.

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. एका टोकाला शेंगाचटणी कुटायची, दुसऱ्या टोकाला कडक भाकरी भाजायची. मधे पूर्वी काहीच नव्हतं. आता भिंत आहे, दार आहे, दाराशी हात धुवायचा नळ आहे आणि नळापाशी टॅब घेऊन तपासणीच्या प्रियंका मॅडम उभ्या असतात. कारण पुण्याच्या एका कंपनीला अशी भाकरी हवी होती की पाकिटावर ‘शेंगदाणा नाही’ असं छापता यावं. काही लेकरांना दाण्याचा कणसुद्धा सोसत नाही, घसा सुजतो, जीवावर बेततं, असं मॅडमनी पहिल्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं.

“शेंगा खाऊन आजारी पडणारं लेकरू? अन् सोलापुरात?” मल्लव्वा हसली. बायकाही हसल्या. मग मॅडमनी मोबाइलवर एका लेकराचा सुजलेला चेहरा दाखवला. मल्लव्वानं तो मोबाइल दोनदा मागून घेऊन बघितला.

त्या दिवसापासून अक्कानं जे मनावर घेतलं, विचारू नका! पूर्वी साफसफाईचं एक रजिस्टर होतं. शनिवारी कुणीतरी बसायचं आणि आठवड्याच्या सगळ्या सह्या एका दमात ठोकायचं. ते गेलं. आता तवा घासला की फोटो, परात धुतली की फोटो, आणि प्रत्येक तव्याच्या प्रत्येक खेपेतली एक भाकरी कुटून, पाण्यात कालवून त्यात शेंगदाणा ओळखणारी पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर ठीक. दोन आल्या तर शेंगदाणा. डब्यात चटणी आणायला बंदी. सोलापूरच्या बाईच्या डब्यात चटणी नाही, म्हणजे काय राहिलं डब्यात? पण अक्का दारातच उभी राहायची, प्रत्येकीचा डबा उघडून वास घ्यायची आणि मगच आत सोडायची.

तरी दोन रेघा यायच्या. एक दिवस चुकला नाही. आणि टॅबवर दिसायचं काय, तर लाल खूण फक्त पहिल्या तव्याच्या पहिल्या खेपेला. बाकी दिवसभर सगळं हिरवं.

पहिल्या तव्यावर सिद्धेश्वरी होती. पोरगी गरीब, नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात मिळवती ती एकटी. आणि महिन्यापूर्वीच ती चटणीच्या बाजूनं इकडं आलेली. झालं! सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली. मल्लव्वानं तिच्या डब्याचा वास घेतला, पिशवी उलटी केली, पदर झटकायला लावला. काही सापडलं नाही. सिद्धेश्वरी खाली मान घालून उभी होती.

“तिचाच हात असंल,” मल्लव्वा बापूसाहेबांना म्हणाली. “चटणीत वर्सं गेली तिची. नखात राहत असंल.”

सोमवारपासून येऊ नको, असं सिद्धेश्वरीला सांगण्यात आलं. डबा उचलून ती गेली.

सोमवारी पहिल्या तव्याला तिच्या जागी निंगव्वा बसली. पट्टी बुडवली. दोन रेघा.

प्रियंका मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. “आता ही तर चटणीकडे कधी गेलीच नाही! अक्का, पहिल्या खेपेतच असं काय होतं हो?”

मल्लव्वा उत्तर द्यायला गेली आणि तिचा हात आपसूक कमरेला गेला. तिथं विभूतीची पिशवी होती. पिशवीत एक डबी.

रोज सकाळी पहिल्या तव्यावरची पहिली भाकरी मल्लव्वा स्वतः थापायची. ती भाजली की डबीतली चिमूटभर शेंगाचटणी तिच्यावर ठेवायची, तव्यावरून ओवाळायची, सिद्धरामेश्वराचं नाव घ्यायची आणि भाकरी शेडमागच्या गाईसाठी बाजूला काढायची. मग त्याच हातानं पिठाचा गोळा मळून पहिल्या तव्याच्या बाईच्या हवाली करायची. प्रमुख झाल्यापासूनचा नेम. विभूतीच्या पिशवीला हात लावून ती तपासायची कुणाची छाती होती?

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. निंगव्वा गेली असती, दुसरी आली असती. मल्लव्वानं डबी काढून मॅडमच्या पुढ्यात ठेवली.

“अक्का, मी रोज विचारत होते ना, आत खायचं काही आणलंय का म्हणून?”

“व्हय. अन् मी न्हाय म्हणत होते. खायचं कुटं होतं ते? देवाचं होतं की.” “माजं नाव लिवा त्या टॅबात. पोरीचं काडा.”

संध्याकाळी ती बाळे भागात सिद्धेश्वरीच्या दारी गेली आणि उंबऱ्यावरच बसली. सगळं सांगून झालं.

“मला ठावं होतं, अक्का,” सिद्धेश्वरी म्हणाली.

“अगं यव्वा! मग बोलली का न्हाईस?”

“नैवेद्याला कसं नाव ठेवू? अन् कुणाला सांगणार? तुमी माजा डबा बगितला, पिशवी बगितली, पदर बगितला. माज्या तोंडाकडं एकदा तरी बगितलं का?”

मल्लव्वाला लाज वाटली, रडूही आलं. डोळे पुसून ती म्हणाली, “उद्यापासनं पैली भाकरी तू करायची. नैवेद्य गुळाचा. अन् दारात तू हुबी राहायची, मी न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी बायकांची रांग लागली. सगळ्यांत पुढं मल्लव्वा. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि सिद्धेश्वरीच्या हातात दिली. सिद्धेश्वरीनं पिशवी उघडली. आत विभूती होती, बाकी काही नव्हतं. तिनं पिशवी परत बांधली, मान वर केली, अक्काच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाली,

“जावा आत, अक्का.”