नागप्पाचं चाडं

मार्तंड तुळजापूरच्या अंबादास मास्तरांचा मुलगा. पुण्यात इंजिनियर झाला आणि मुंबईत पेटंट वकिलांच्या कचेरीत लागला. कुणी नवं यंत्र काढलं की त्याची आकृती काढायची, मसुदा लिहायचा आणि ते दुसऱ्या कुणी आपलं म्हणून विकू नये यासाठी सरकारात अर्ज करायचा, हे त्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एकसष्टच्या उन्हाळ्यात तो बहिणीकडे उमरग्याला गेला. तिथं नागप्पा लोहारानं पेरणीच्या तिफणीला बी सोडायचं नवं चाडं बसवलं होतं. खाली दात्यांचं लोखंडी चाक. बैल चालले की चाक फिरायचं आणि मुठीनं सोडावं न लागता बी सारखं पडायचं. मार्तंड दोन दिवस त्या चाकापाशी बसून मापं घेत राहिला.

"ह्यावर माझं नाव ऱ्हाईल का?" नागप्पानं विचारलं.

"राहील. पण अर्ज जाईपर्यंत कुणाला दाखवू नका."

नागप्पानं चाड्यावर पोतं टाकलं. पेरणीच्या दिवसांत सख्खा जावई महांतप्पा मागायला आला, त्यालाही हात लावू दिला नाही. जावई रागावून गेला तो सणालाही आला नाही.

इकडे मार्तंड मसुदा घोटत बसला. मधे इंजिनियरांच्या एका सभेत त्याला बोलायला बोलावलं. आपल्या भागातला लोहार काय करतो ते सांगताना त्याला चेव चढला आणि त्यानं फळ्यावर अख्खं चाक काढलं. टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात एका मासिकात त्याच्या नावानिशी ती आकृती छापून आली.

कचेरीतल्या वडीलधाऱ्या वकिलांनी मासिक पुढं ठेवून एवढंच विचारलं, "अर्ज कधी गेला?"

अर्ज टेबलाच्या खणातच होता. छापून आलेली गोष्ट कायद्यानं नवी राहत नाही, हे मार्तंडच रोज लोकांना सांगे.

त्यानं नागप्पाला पत्र लिहिलं, आणि त्यात लिहिलं की सरकारनं अर्ज नाकारला.

कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं उत्तर आलं. सरकारचा दोष नाही, माझ्याच कामात खोट असणार. चाक मोडून पुन्हा घडवतोय, असं त्यात होतं. ते वाचून मार्तंड दुसऱ्याच दिवशी रजा टाकून उमरग्याला निघाला.

नागप्पाच्या भात्यासमोर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. फळा, मासिक, खोटं पत्र. नागप्पानं हातातला चिमटा खाली ठेवला.

"म्हंजी चाक बरूबर हुतं?"

"बरोबर होतं."

"मग हेच महांतप्पाच्या दारात येऊन सांगा. चारचौघांत."

मार्तंड गेला. जावयाच्या ओट्यावर, जमलेल्या भावकीपुढं त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं, "तुमी शिकलेले न्हवं?"

नागप्पानं मोडलेलं चाक त्या महिन्यातच पुन्हा उभं केलं आणि जावयाच्या तिफणीला बसवलं. पुढं तशी चाकं आसपासच्या गावांतले लोहार करू लागले. ती नागप्पाची, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मार्तंड पुढं नावाजलेला पेटंट वकील झाला. बहीण उमरग्यालाच होती, पण भेटायचं असलं की तो तिला तुळजापूरला बोलावून घेई.