बाबांच्या मोटारीचा कार्ब्युरेटर

बाबा गेले तेव्हा त्यांची जुनी मोटार अंगणात उभी होती. मेकॅनिकने कार्ब्युरेटर खोलून ठेवला आणि तो पुन्हा फिरकलाच नाही. वर्षभर गाडी तशीच पडून राहिली.

एका रविवारी दादा प्रताप नगरला माझ्या घरी आला. म्हणाला, "तूच जोडून दे वं. बाबांनी तुलेच शिकवलं होतं. चालू झाली त तूच ने. मले काय करायची?"

मी दुसऱ्याच रविवारी माहेरी गेले. अंगणात जुनी चादर अंथरली आणि सगळे भाग पेट्रोलमध्ये धुऊन काढले. पेट्रोल जायची बारीक छिद्रं असलेले जेट तोंडाने फुंकून एकेक साफ केले. जोडामधलं गॅस्केट फाटलं होतं, ते जाड पुठ्ठ्यातून कापलं. पेट्रोलवर तरंगणारा पोकळ फ्लोट हलवून पाहिला, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. पेट्रोल अडवणारी सुई नीट बसेना, तेव्हा बाबांचं बोलणं आठवलं, "जोर नको लावू, तिले तिची जागा सापडू दे." ती बसली. गाडी आपली होणार, या आनंदात मला भूकही आठवली नाही. आई दोनदा चहा देऊन गेली. एरवी जवळ बसून बडबडणारी आई त्या दिवशी कप ठेवून लगेच आत वळली.

सगळं जोडून, दादाने चार्ज करून आणलेली बॅटरी लावून किल्ली फिरवली. गाडीने दोन-तीन आचके दिले आणि चालू झाली. हवेचा स्क्रू जरासा फिरवल्यावर आवाज एकसारखा झाला. मी हसत मागे वळले, तर दादा घरातून एका गृहस्थाला घेऊन येत होता. इतवारीतले भांड्यांचे व्यापारी. माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण ते बराच वेळ आत बसून होते.

"पाहा, काय मस्त चालू झाली!" दादा त्यांना म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही.

सौदा आधीच ठरला होता. गाडी चालू करून द्यायची, एवढंच बाकी होतं.

मी आत जाऊन आईला विचारलं, "तुले माहीत होतं?"

आई तांदूळ निवडत होती. "सांगतलं असतं त तू हात लावला असता काय वं?" ती म्हणाली.

दादाचा राग आला होता. आईचं हे वाक्य त्याहून लागलं.

बाहेर आले तर ते गृहस्थ स्टेअरिंगवर बसले होते. त्यांचा काही दोष नव्हता. सकाळी चोक किती ओढायचा, ते मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बसा ना ताई, सोडून देतो घरी." मी रिक्षाने गेले. हाताला पेट्रोलचा वास तसाच होता.

हिवाळ्यात दादा पुन्हा दारात आला. "थे गाडी थंडीत बंद पडून राहिली म्हणते. एकदा पाहून देशील?"

"मेकॅनिकले दाखवा म्हण त्यायले," मी म्हटलं.

मी त्याला बसही म्हटलं नाही.