फुंकर मारलेली कॅसेट

एका खोलीत आम्ही आठ जण राहायचो. यंत्रमागावर राबणारे माझे वडील, आप्पा, सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारातून आणलेली गेमची कॅसेट धूळ उडवायला फुंकर मारून टीव्हीच्या गेममध्ये बसवायचे. खेळ लगेच सुरू व्हायचा, आणि तो पुरा असायचा.

आज नवा गेम लावला, तर तासभर अपडेटच उतरतंय. हल्ली अर्धवट गेम विकतात आणि पात्रांचे कपडे वेगळे विकतात. चिडायचाही आता कंटाळा येतो.

"लेका, फुंकर मार की एकदा!" शेजारून आप्पा म्हणाले.

"ह्याला कॅसेटच नसते, आप्पा."

"मग विकत काय घेतलंस?"

मी, घरातला पहिला पदवीधर, स्टुलावर चढलो. माळ्यावरचा जुना गेम कॅसेटसकट काढला. फुंकर आप्पांनीच मारली, आणि आम्ही दोघं खेळलो.