वाडी आणि पोर

थोरला मुलगा वारल्याला महिना झाला, चर्चमध्ये त्याची मिस्सा झाली. दुबईला अल नहदाच्या फ्लॅटमध्ये जेवणं उरकली, लोक गेले. त्याची एकुलती पोर, माझी नात, कोपऱ्यात इतिहास वाचत बसली. मी चौथी शिकलेली. तिचं इंग्रजी पुस्तक मला कळत नाही, म्हणून ती मोडक्यातोडक्या मराठीत सांगते.

पूर्वी इंग्लंडात जमीनदार मेला आणि त्याचं पोर लहान असलं, की राजा जमीन आणि पोर दोन्ही ताब्यात घ्यायचा. पीक राजाच्या खजिन्यात. नाहीतर तो हक्क राजा दुसऱ्याला विकायचा. घेणारा पोर मोठं होईपर्यंत जमीन खायचा, लग्नही आपल्या मर्जीने लावायचा.

"आणि आई?" मी विचारलं.

"शी हॅड टू पे, आजी. स्वतःच्या बेबीसाठी."

तेवढ्यात धाकटा मुलगा हात पुसत आला. तो जबल अलीला गोदामात सुपरवायझर आहे. सुनेला म्हणाला, "वहिनी, तुझा व्हिसा दादाच्या नावावर होता, तो खलास. पोरीला माझ्याकडे ठेव, शाळा तुटणार नाही. फक्त पालक म्हणून माझं नाव लागेल. मग वसईची वाडीपण मीच बघेन."

वाडी थोरल्याच्या वाटणीची. केळी, पानवेली, थोडे नारळ. जाण्याआधी त्याने ती नातीच्या नावावर केलेली.

"वाडी पाहिजे तर वाडी माग," मी म्हटलं. "पोर कशाला मध्ये घेतोस?"

"आई, पोरीचा पालक झाल्याशिवाय वाडीवर सही कशी करणार?" तो हसला. "तू तर वकीलच झालीस."

मी त्याला जन्म दिलाय. त्याची खोड मला नवी नाही.

सून भांडी घासत होती. नळ बंद करून बाहेर आली. "भावोजी, पोर मोठी होईपर्यंत वाडीचं पीक तुमचं. पालक मी. पोर माझ्याजवळ राहील."

त्याने जरा विचार केला. "नारळपण?"

"नारळपण."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि उरलेलं मटण डब्यात भरून घेऊन गेला.

सुनेचा व्हिसा संपला, नातीच्या परीक्षेला थांबणं जमलं नाही; वसईला परतायचं ठरलं. तिथे सुनेला शिवणकाम मिळालं तर मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी नात शाळेची पुस्तकं परत करायला पिशवीत भरत होती.

"सो मम्मी पेड," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

"हो," मी म्हटलं. "ते इतिहासाचं पुस्तक नीट ठेव, पानं दुमडतायत."