दोन रिंगा

मुलीचा दमा वाढला तेव्हा ह्यांनी स्कूटर विकून सायकल घेतली. "निदान आपल्या घरातून तरी धूर निघायला नको," म्हणाले. अख्खी खांदा कॉलनी हसली. लोक सायकलवरून स्कूटरवर जातात, आमच्याकडे उलटी गंगा. मला मात्र हसू आलं नाही. ह्यांचा कारखाना तळोज्याला आणि कळंबोलीपासून रस्ता ट्रकांचा. लोखंड भरलेला ट्रक सायकलवाल्याला मोजतच नाही.

आमच्याकडे फोन नव्हता. मग ठरलं, पोचल्यावर ह्यांनी गेटवरून शेजारच्या काकूंकडे फोन लावायचा, दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचा. काकूंनी तो उचलायचा नाही, फक्त आमच्या भिंतीवर थाप मारायची. रोज आठच्या सुमारास थाप यायची, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली चहा उतरायचा. ह्यांना ते बायकोचं खूळ वाटायचं.

जानेवारीतल्या एका सकाळी थाप आलीच नाही. साडेआठ झाले. काकू म्हणाल्या, "नाही गं बाई, वाजलाच नाही." मन चिंती ते वैरी न चिंती. माझ्या मनाने तर पांढरी चादरसुद्धा अंथरली होती. मुलीला काकूंकडे बसवलं, त्यांच्या लेकीची लेडीज सायकल ओढली आणि निघाले. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता. ट्रक शेजारून गेला की हँडल लटलटायचं. रस्त्यावर घोळका दिसला तशी उतरून आत डोकावले. तो वडापावच्या गाडीभोवतीचा निघाला.

गेटवर पोचले तर हे समोरच, धडधाकट. "अगं, दोनदा लावला. एंगेज येत होता." नंतर कळलं, लेकीची बारावी, म्हणून काकूंनी रिसिव्हर काढून ठेवला होता आणि साफ विसरल्या होत्या. मला आधी रडू आलं, मग राग.

ह्यांचं लक्ष माझ्या सायकलकडे होतं, मग मागच्या रस्त्याकडे. "ह्या रस्त्याने आलीस? एकटी?"

"रोज तुम्ही येता तोच," मी म्हटलं.

ह्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोन सायकली शेजारी मावत नव्हत्या, म्हणून हे पुढे, मी मागे. दर मिनिटाला ओरडून विचारायचे, "आहेस ना गं?" मी "हो" म्हणायची.

एकदा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि वळून पाहिलं. रोज सकाळी आठच्या आधी आरशात माझा तोच चेहरा असायचा.