भाकरी पोचली का?

कडक भाकरीच्या फोटोवरून मोबाईलचं नेटवर्क पास-नापास करणारा माणूस उभ्या जगात एकच झाला, आणि तो नेमका सोलापुरात, माझ्याच हाताखाली आला. 'हाताखाली' हे आपलं कागदावरचं. प्रत्यक्षात ऑफिसच्या गाडीत मी मागे, शिडी आणि केबलचं भेंडोळं यांच्या मधे बसायचो, कारण पुढच्या सीटवर त्यांचा डबा बसलेला असायचा. ऑफिसात त्यांना सगळे मामा म्हणत. ते नक्की कोणाचे मामा याचा तपास कोणी केला नव्हता. साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी भाचेपण मुकाट्यानं पत्करलं होतं. मूळचे करकंबचे, शिक्षण आयटीआय, उमेदीची वर्षं तारेच्या टेलिफोनचे खांब चढण्यात गेलेली. मी बीई इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. वडील चादरीच्या गोदामात गाठी बांधायचे आणि त्याच पाठीवर उचलायचे. माझी डिग्री त्या पाठीवर उभी आहे. हे मी कोणी न विचारताही सांगतो आणि पुढेही सांगत राहणार. मामांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी आदरानं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून माझं नाव टाकून देऊन मला 'बीई' म्हणायला सुरुवात केली. "ओ बीई, तेवढी शिडी धरा की."

आमचं काम सांगायला सोपं आहे. तुमचा फोन टॉवरवरच्या रेडिओशी बोलतो. रेडिओला स्वतःचं डोकं नसतं. तुम्ही कोण, तुमचा पॅक शिल्लक आहे का, तुम्हाला जायचंय कुठं, हे सगळं ठरवणारी यंत्रं पुण्यात थंडगार खोलीत बसलेली असतात. त्यांना कोअर म्हणायचं. रेडिओ आणि कोअर यांची ओळख करून द्यायची आणि दोघांमधला रस्ता मोकळा करायचा, एवढंच आमचं काम. रेडिओला कोअरचा पत्ता सांगायचा, कोअरला रेडिओचा, वाटेत माहिती पुढे ढकलणाऱ्या यंत्रांच्या मधल्या डब्यांना दोघांचा. भागाचा नंबर, नेटवर्कचा नंबर. एक आकडा चुकला की कोअर दारातूनच परत पाठवतं. मी हे चार वर्षं शिकलो. मामांनी ते एका वाक्यात उरकलं होतं. "सोयरीक हाय ही, बीई. दोन्हीकडच्यांनी नाव-गाव येकच सांगाया पायजे. न्हाईतर मोडली."

आणि सोयरीक मोडू नये म्हणून मामा जे जे करत ते पाहून एखादं खरं लग्नसुद्धा लाजलं असतं. पुण्याहून सगळे आकडे मेलवर यायचे. मामा मेलकडे बघायचेही नाहीत. पुण्याच्या मॅडमना फोन लावायचे. "मामा, मी मेल केलाय हो," असं त्या बिचाऱ्या म्हणायच्या. "मेल ऱ्हाऊ द्या ताई, तुमी तोंडानं सांगा." मग त्या वाचणार, मामा रेघी वहीत निळ्या पेनानं उतरवणार, मग मामा वाचणार, त्या हो म्हणणार, मग पुन्हा त्यांनी वाचायचं आणि यांनी हो म्हणायचं. एकदा मधेच मोठ्या साहेबांचा फोन येत होता. मामांनी तो तीनदा कापला आणि चौथ्यांदा उचलून, "साहेब, आकडं चालल्यात," एवढं बोलून ठेवून दिला. जणू आत कोणाचं तेरावं चालू होतं.

साइटवरचं यंत्राचं कपाट उघडताना ते चप्पल काढत. मे महिन्यात, मैंदर्गीला, खडीवर. एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत हा माणूस आकडे भरतोय हे बघून शेजारच्या कानडी आजींना वाटलं की हे काहीतरी देवाचं आहे. त्या तांब्याभर पाणी आणि कुंकवाची डबी घेऊन आल्या आणि आम्ही काही बोलायच्या आत कपाटाला दोन बोटं कुंकू लागलं. मी ओरडणार तोच मामा म्हणाले, "लावू द्या की. कोअरला बी बरं वाटंल." पुढे तपासणीच्या फोटोत ते दिसलं आणि पुण्याहून विचारणा आली, कपाटावर हा लाल डाग कसला? मामांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'गावाची मंजुरी.' ती साइट कुठल्याही प्रश्नाशिवाय पास झाली. आमच्या खात्यात कुठली गोष्ट कशामुळे पास होईल हे बीईला शिकवत नाहीत.

पण हे सगळं किरकोळ. मुख्य कार्यक्रम भाकरीचा. रस्ता जोडून झाला, लॅपटॉपवर सगळे दिवे हिरवे झाले, पुण्यानं 'ओके' म्हटलं, की कोणीही शहाणा माणूस सामान आवरून निघतो. मामा डबा उघडायचे. मामींनी दिलेली कडक भाकरी झाकणावर ठेवायची, वर शेंगाचटणी, आणि तिचा फोटो काढून करकंबला मामींना पाठवायचा. तोही साधा फोटो म्हणून नाही, कागदपत्र म्हणून. म्हणजे फोन त्याला दाबून लहान करत नाही, वाटेत त्याचं वजन उतरत नाही. मामींनी फोटो उघडायचा आणि भाकरीवर डाग किती आहेत ते मोजून कळवायचं. आकडा जुळला, मामींनी 'जेवा' म्हटलं, की मामा जेवणार. तोवर घास तोंडात नाही. मामी एकदा कंटाळून फोटो न बघताच म्हणाल्या होत्या, "चार. मीच भाजली की, मला पाठ हाय." मामांनी अर्धी भाकरी मोडून दुसरा फोटो पाठवला आणि पुन्हा मोजायला लावलं.

तर अशा माणसाचं करायचं काय, हा प्रश्न साहेबांना पडला यात नवल नाही. मामा कंत्राटावर होते आणि कंत्राट मार्चमध्ये संपत होतं. साहेबांनी मला आत बोलावलं. "एका साइटला दोन तास लागायला पाहिजेत, तुमच्या मामांना पाच लागतात. महिनाभर बरोबर फिर आणि रिपोर्ट दे. ठेवायचं की नाही ते त्यावर ठरवू." पन्नाशी उलटलेल्या माणसाची भाकरी माझ्या दोन पानांवर आली होती, आणि मी, खरं सांगतो, फुशारलो. पहिल्याच आठवड्यात मी निम्मा रिपोर्ट लिहून टाकला. त्यात 'वेळेचा अपव्यय' हा शब्द तीनदा होता. इतका चांगला शब्द एकदाच वापरायला जिवावर येतं.

मग सांगोल्याच्या पलीकडची ती साइट आली. एका बाजूला डाळिंबाच्या बागा, दुसऱ्या बाजूला मेंढरं आणि मधे आमचा टॉवर. त्या दिवशी मामांना म्हटलं, आज सगळं मी करतो, तुम्ही बघा. ते खुशाल लिंबाखाली जाऊन बसले. मी वहीबिही काही न काढता, पुण्याहून आलेला तयार नमुना होता तसा भरला आणि बरोबर दोन तासांत सगळे दिवे हिरवे करून दाखवले. फोन लावला, लागला. मेसेज गेला. "झालं मामा!" मामांनी डबा उघडला, भाकरीचा फोटो काढला आणि पाठवला. फोनवर गोल फिरायला लागला. फिरत राहिला. एक वाजला, दीड वाजला. मी म्हटलं, मामींचा फोन जुना झालाय. मामा म्हणाले, "आसंल." आणि भाकरी झाकून ठेवली.

दोनच्या सुमाराला गावातली एक मुलगी आली. बारावी झालेली, हातात फोन, खांद्याला पिशवी. मागे तिचे वडील, अंगावर घोंगडं, बोलायची जबाबदारी पोरीवर टाकून गप्प उभे.

"टावर झाला म्हणं चालू?"

"झाला की," मी म्हणालो.

"मग माजं मार्कलिष्ट का जाईना? नर्सिंगचा फारम हाय. नाव जातंय, गाव जातंय, मार्क जात्यात. कागूद तेवढा नुस्ता फिरतोय. आन् आज शेवटचा दिस हाय."

"इथं सगळं हिरवं आहे," मी लॅपटॉप तिच्याकडे वळवून दाखवला.

"तुमास्नी हिरवं दिसतंय, मला गोल दिसतोय. गप्पा मारण्यापुरताच टावर हाय व्हय ह्यो?"

वडील पहिल्यांदाच बोलले. "सांगोल्याची यश्टी गेली, साहेब. आता कसं करावं?" मला साहेब म्हणताना त्यांनी डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. माझ्या फॉर्मच्या वेळी माझे वडीलही कॉलेजच्या खिडकीपुढे असेच टोपी सारखी करत उभे होते.

मामा उठून आले. चप्पल काढली. "बीई, मधल्या डब्याला माप किती घातलंय?"

"नमुन्यातलं. एका वेळी पंधराशे बाइट."

"तुमचं वडील गाठी बांधायचं न्हवं? गोदामाचं दार मापायचं झालं तर गाठ कशी मापायचं? उगडी, का गोणपाट चढवून?"

गोणपाट चढवून. हे आमच्या घरात चार वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. आणि फोनमधून निघालेली प्रत्येक माहिती कोअरकडे जाताना रेडिओ तिच्यावर वरून एक वेष्टन चढवतो, हेही मला माहीत होतं. त्यावर परीक्षेत मी दहापैकी नऊ मार्क घेतले होते. मधल्या डब्याचं दार मी उघड्या गाठीच्या मापाचं ठेवलं होतं. बोलणं, मेसेज, नाव, गाव ही सगळी लहान पुडकी, वेष्टनासकट सहज निघून जात होती. भरलेली गाठ, म्हणजे मार्कलिस्ट किंवा भाकरी, दारात अडकत होती. आणि हिरवा दिवा फक्त दार आहे एवढंच सांगत होता.

मी पुण्याला फोन केला, माप वाढवून घेतलं. आकडा दोनदा वाचला, दोनदा वाचून घेतला. मामांच्या फोनवरचा गोल थांबला. तिकडे पोरगी ओरडली, "आण्णा, गेलं! गेलं!" आणि मागोमाग मामांच्या फोनवर मामींचा आवाज आला, "पाच डाग, येक मोटा. तीन वाजाया आलं, जेवा आता." पोरगी हसत सुटली. "तुमच्या टावरला भाकर लागती व्हय?" मामांनी तिला अर्धी दिली. मला पाव दिली. वडिलांनी घेतली नाही. ते पोरीच्या फोनकडे बघत उभे होते, वाचता येत नसताना.

रात्री मी रिपोर्टातले तिन्ही 'अपव्यय' खोडले आणि मामांना का ठेवलं पाहिजे ते दीड पान लिहिलं. साहेबांनी ते मन लावून वाचलं. "सुरेख लिहितोस. कॉलेजचा फायदा दिसतो." मग म्हणाले की वरून कळवलंय, एप्रिलपासून नवी यंत्रणा येतेय, सगळे आकडे पुण्याहून आपोआप भरले जातील, साइटवर कोणी जायची गरजच नाही. "पण तपासणार कोण?" मी विचारलं. "डॅशबोर्ड आहे ना, सगळ्या साइटचे दिवे एका पडद्यावर दिसतात," साहेब म्हणाले. त्या खोलीत माझ्या पहिल्या निम्म्या रिपोर्टाची गरज नव्हती आणि दुसऱ्याचीही नव्हती. मामांना सांगितलं तर म्हणाले, "लिव्हलं न्हवं तुमी? मग झालं की." शेवटच्या दिवशी त्यांनी पुढच्या सीटवरचा डबा उचलला, सीट हातानं झाडली आणि म्हणाले, "बसा आता पुडं."

तेव्हापासून दर रविवारी, जेवायच्या वेळेला, करकंबहून मला भाकरीचा फोटो येतो. मामी आता समोरच बसलेल्या असतात, त्यांना पाठवून काय कळणार? मग मी फोटो उघडतो, डाग मोजतो, 'चार, जेवा मामा' असं लिहितो. बायको म्हणते, तुम्हा दोघांना डॉक्टरला दाखवायला पाहिजे.

गेल्या महिन्यात एका रविवारी फोटो आला नाही. दोन वाजले. फोन लावला तर उचलला नाही. डॅशबोर्ड उघडला, करकंब हिरवंगार. शहाण्या माणसानं तेवढ्यावर टीव्ही लावला असता. मी मोटारसायकल काढली.

चारच्या पुढं पोचलो. मामा ओसरीवर बसले होते, पुढ्यात ताट, ताटावर ताट पालथं. मामींनी मला बघितलं आणि आतूनच कडाडल्या, "आलासा? समजवा ह्यास्नी! दुपारधरनं उपाशी हाय ह्यो मानूस. फोन वाजतोय तर म्हणतोय, उचलायचा न्हाई, बोलणं जातंय त्यात काय इशेष, भाकर जाया पायजे."

मामांनी फोन पुढे केला. गोल फिरत होता. मी ओसरीवरूनच पुण्याला फोन लावला. नव्या यंत्रणेनं आदल्या दिवशी सगळ्या तालुक्याची मापं 'दुरुस्त' केली होती: पंधराशे, नमुन्यातली. मी चप्पल कधी काढली ते मला कळलं नाही. आकडा वाचला, वाचून घेतला, पुन्हा वाचला. गोल थांबला आणि माझ्या खिशात टिंग वाजलं.

"सहा डाग मामा," मी समोर बसून म्हणालो. "जेवा आता."

त्यांनी ताटाला हात लावला नाही. माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं. मी दोन हातांच्या अंतरावर बसून लिहिलं, 'सहा. जेवा.' त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं, वरचं ताट काढलं, भाकरी गुडघ्यावर ठेवून मोडली आणि मोठा तुकडा माझ्यापुढे धरला.